हूक रिकामा, ब्रेक मोकळा

बाळा, टॉवर क्रेनच्या केबिनची शिडी चढायच्या आधी चार गोष्टी डोक्यात पक्क्या कर. लोक विचारतात, ही क्रेन किती टन उचलते? तू विचारताना नेहमी पुढे जोड, "मास्टपासून, म्हणजे उभ्या खांबापासून, किती मीटरवर?" क्रेनला उलटवतो तो वजन आणि अंतर यांचा गुणाकार. समज, जी क्रेन मास्टजवळ 8 टन लीलया उचलते, तीच 50 मीटरवर, जिबच्या म्हणजे आडव्या हाताच्या टोकाला, 2 टनांवर थांबते. एक घनमीटर काँक्रीटच जवळपास 2.4 टनांचं, बकेटचं वजन वेगळं. म्हणजे टोकाला भरलेली बकेट जाणारच नाही, मग खाली सुपरवायझर कितीही ओरडो. लोड चार्ट केबिनमध्ये डोळ्यांसमोर लाव.

गुणाकार मर्यादेबाहेर गेला की लिमिट स्विच क्रेन अडवतो. "जरा बायपास कर, एकच फेरा आहे" असं सांगणारा एक जण तुला प्रत्येक साइटवर भेटेल. त्याचं ऐकायचं नाही. त्या फेऱ्यात तू वर असशील आणि तुझ्याखाली सळई बांधणारी माणसं.

क्रेन रिकामी असते तेव्हा काउंटरवेटमुळे मास्ट मागे झुकलेला असतो. वजन घेतलंस की तो पुढे येतो, जिबही वाकते आणि हूक थोडा बाहेर सरकतो. म्हणून लोड जमिनीपासून वीतभर उचलून थांब. हूक सरळ वर आला का, बेल्ट नीट बसले का, लोड कलतोय का, हे खाली लोड बांधणाऱ्या रिगरला बघू दे, मग पुढचं. तिरकं ओढून काही सरकवायचं तर कधीच नाही. जिब बाजूने ओढ सोसायला बनवलेली नसते.

स्लिंगचा कोन खाली रिगर ठरवतो, पण तूही ओळखायला शीक. दोन पायांची स्लिंग आडव्या रेषेशी 60 अंशांवर असेल, तर प्रत्येक पायावर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्तच ताण येतो. तीच 30 अंशांवर पसरली, तर एकेका पायावर अख्ख्या लोडइतका ताण! पाय पसरलेले दिसले की लोड खाली ठेव आणि लांब स्लिंग मागव.

लोड डोळ्याआड गेला की सिग्नलमनचा आवाज हेच तुझे डोळे. तो "खाली, खाली, खाली" म्हणत राहिला पाहिजे. वॉकीटॉकी गप्प झाला त्या क्षणी हात थांबव. "ऐकलं असेल बहुतेक" या भरवशावर एक इंचही नको. आणि थांबण्याचा इशारा कुणीही दिला, अगदी नव्या बिगाऱ्याने, तरी थांब.

आता वारा. यावर मी सगळ्यात जास्त बोलणार, कारण आपलं काम मुंबईत, समुद्राच्या काठावर. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बऱ्याच कंपन्या कामाची कमाल मर्यादा ताशी 72 किलोमीटर लिहितात, पण शटरिंगचा रुंद पत्रा हूकला असेल तर त्याच्या कितीतरी आधी थांबावं लागतं. तो पत्रा शिडासारखा भरतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला झोत ताशी 100 किलोमीटरच्या वर गेले होते. अशा वाऱ्यात क्रेन वाचते ती मोकळी असल्यामुळे. म्हणून उतरताना हूक रिकामा करून वर घे, जिबवरची ट्रॉली क्रेन बनवणाऱ्याच्या पुस्तकात लिहिलेल्या जागी आण आणि फिरण्याचा ब्रेक सोड, म्हणजे जिब वाऱ्याबरोबर वळेल. ब्रेक लागलेला राहिला आणि वारा आडवा आला, तर सगळा दाब मास्टवर. ब्रेक खरंच सुटलाय याची खात्री करूनच शिडीला हात लाव. आणि वाढदिवसाचा फ्लेक्स कुणी जिबवर बांधायला सांगितला तर साफ नाही म्हण. तेवढ्या कापडानेही तिचं वळणं बिघडतं.

शेवटचं, क्रेन उतरवतानाचं. 27 एप्रिल 2019 ला अमेरिकेत सिएटलला क्रेन उतरवली जात होती. मास्टचे तुकडे जोडणाऱ्या पिना वेळेआधीच काढून ठेवल्या होत्या, वाऱ्याचा झोत आला आणि मास्ट रस्त्यावर कोसळला. वर काम करणारे दोघे गेले आणि खाली गाड्यांमधले दोघे. एका तुकड्याच्या पिना, तोही दुसऱ्या क्रेनने धरलेला असताना, एवढ्याच काढायच्या. वेळ वाचवायला पुढच्या पिना कुणी ढिल्या करताना दिसला, तर काम थांबव आणि बनवणाऱ्याच्या पुस्तकातला क्रम सगळ्यांसमोर वाचून दाखव.