एक आज्ञावली, अनेक यंत्रे

आपल्या बल्लारशाह स्थानकावर तेलुगू, हिंदी, मराठी, गोंडी बोलणारे प्रवासी एकत्र येतात. एकच गोष्ट सर्वांना सांगायची तर दुभाषी हवा. संगणकांचेही तसेच. विंडोजच्या यंत्रासाठी तयार केलेली आज्ञावली लिनक्सवर चालत नाही. १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेल्या जावा भाषेत आज्ञावली प्रथम 'बाइटकोड' या मधल्या भाषेत उतरते व प्रत्येक संगणकावरील 'आभासी यंत्र' तिचा अर्थ लावते. वारंवार लागणारा भाग ते यंत्रभाषेत करून हाताशी ठेवते. म्हणून आरंभ मंद, पुढे वेग.

परिचित उदाहरण म्हणजे आयकर विवरणपत्र भरण्याची जावा आज्ञावली. ही २०२१ मध्ये बंद झाली. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर ती चाले. मात्र जावा आधी बसवलेले नसेल तर उघडतच नसे. मुदतीच्या शेवटच्या दिवशी रांगेत बसलेल्याला भाषेची थोरवी काय सांगावी! माझ्या मते दोष कल्पनेचा नव्हे, दुभाष्याला सोबत न पाठविण्याचा होय. २०२१ च्या जावा १६ मधील 'जेपॅकेज' साधनाने आज्ञावली व आभासी यंत्र एकत्र बांधून देता येतात. गठ्ठा मात्र जड होतो, आणि प्रत्येक प्रणालीसाठी तो निराळाच बांधावा लागतो.