रिंगपर्यंतची उडी : एक अभ्यास



ज्या शाळेच्या आवारात बास्केटबॉलचा खांब उभा आहे, तेथे मधल्या सुट्टीत एक दृश्य हमखास दिसते. मुले धावत येतात, उडी मारतात, एखाद्याची बोटे जाळीला लागतात आणि रिंग मात्र हाती लागत नाही. मग कोणीतरी म्हणतो, “त्याला उंचीच पाहिजे!” आणि विषय तेथेच संपतो. बेळगाव असो, खानापूर असो वा निपाणी असो, हे वाक्य सर्वत्र सारखेच. प्रस्तुत लेखात आम्हांस ह्याच वाक्याची परीक्षा करावयाची आहे.

प्रथम ही रिंग एवढ्या उंचीवर का, ते पाहू. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात खेळता यावा म्हणून हा खेळ शोधून काढला. व्यायामशाळेच्या सज्ज्याच्या कठड्याला त्याने पीच फळांच्या टोपल्या अडकविल्या. तो कठडा जमिनीपासून १० फूट उंच होता. आजही रिंग तेवढ्याच, म्हणजे ३.०५ मीटर उंचीवर असते. मनुष्याच्या उडीचा विचार करून ही उंची ठरविलेली नाही, तो एका कठड्याचा योगायोग होय.

चेंडू हाताने रिंगच्या वरून थेट आत घालणे, यास खेळाडू ‘डंक’ म्हणतात. चेंडूचा व्यास सुमारे २४ सेंटिमीटर असल्यामुळे केवळ रिंगला बोटे लागून भागत नाही. हात रिंगच्या वर साधारण १५ ते २० सेंटिमीटर जावा लागतो. परंतु त्याच खांबावर चढत्या पायऱ्याही आहेत. जाळीचे खालचे टोक सुमारे २.६० मीटरवर, फळ्याची खालची कड २.९० मीटरवर, रिंग ३.०५ मीटरवर आणि शेवटची पायरी ३.२० मीटरच्या पुढे. ज्याला फक्त शेवटची पायरी दिसते तो निराश होतो. ज्याला चारही दिसतात तो अभ्यासाला लागतो.

आता हिशेब करू. समजा, निपाणीच्या एका विद्यार्थ्याची उंची १७२ सेंटिमीटर आहे आणि टाचा जमिनीला टेकवून, एक हात सरळ वर केला असता त्याची बोटे २२५ सेंटिमीटरपर्यंत पोचतात. जाळीसाठी त्याला ३५ सेंटिमीटर, फळ्यासाठी ६५, रिंगसाठी ८० आणि डंकसाठी निदान ९५ सेंटिमीटर उडी हवी. सराव नसलेल्या मुलाची जागच्या जागी उडी बहुधा ३५ ते ४५ सेंटिमीटर भरते. म्हणजे जाळी आजच हाताशी आहे. रिंगसाठी उडी जवळजवळ दुप्पट झाली पाहिजे.

दुप्पट हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. पदार्थविज्ञानाच्या तासाला आपण शिकतो की, वर फेकलेल्या वस्तूने गाठलेली उंची ही तिच्या आरंभीच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४० सेंटिमीटर उडीसाठी पाय जमीन सोडताना वेग सेकंदाला २.८ मीटर लागतो. ८० सेंटिमीटरसाठी तो जेमतेम ४ मीटर. उंची दुप्पट झाली, तरी वेग सुमारे १.४ पटच वाढला. मात्र ऊर्जा दुप्पट लागते, आणि ती पाय जमिनीवर असताना, सेकंदाच्या लहानशा अंशात द्यावी लागते. उडीचा सारा अभ्यास या लहानशा अंशाचा आहे.

येथे आपल्या तालमीची आठवण होते. बैठकांनी मांड्यांत बळ येते, यात शंका नाही. परंतु संथपणे काढलेल्या पाचशे बैठकांनी दम वाढतो, उडी तेवढी वाढत नाही. बळ हा पाया, आणि ते बळ झटकन वापरणे ही इमारत. एक प्रयोग स्वतःच करून पाहा. गुडघे वाकवून तीन सेकंद स्थिर राहा आणि मग उडी मारा. नंतर सरळ उभे राहून, झपकन खाली जाऊन त्याच झोकात उडी मारा. दुसरी उडी बहुधा उंच जाते, कारण ताणले गेलेले स्नायू व स्नायुबंध त्याच क्षणी आकुंचन पावून अधिक जोर देतात. हातांचा झोका दिला, तर आणखी भर पडते.

म्हणून क्रम असा ठेवावा. आपल्या भागात जून ते सप्टेंबर मैदान ओले व निसरडे असते. त्या महिन्यांत बैठका आणि टाचा उचलण्याचे व्यायाम करावेत. दसऱ्याच्या सुट्टीपासून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये विश्रांती ठेवून, उड्यांचा सराव करावा. एका वेळी वीस-पंचवीस उड्या पुरेत, पण प्रत्येक उडी पूर्ण जोराची असावी आणि दोन उड्यांमध्ये श्वास स्थिर होऊ द्यावा. थकलेल्या पायांनी मारलेल्या शंभर उड्या शरीराला मंदपणाच शिकवितात.

प्रगती मोजावी कशी? बोटांना खडू लावून भिंतीवर आधी उभ्याने आणि मग उडी मारून खूण करावी. दोन खुणांतील अंतर म्हणजे उडी. डडले सार्जंट या अमेरिकन व्यायामशिक्षकाने १९२१ साली या प्रकारच्या मापनाचा पुरस्कार केला, म्हणून तीस ‘सार्जंट उडी’ म्हणतात. एक दक्षता मात्र घ्यावी. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाची उंची वर्षात सात-आठ सेंटिमीटर वाढू शकते. त्याचा हात जाळीच्या वर गेला, तरी ती सारी करामत सरावाची नसते. म्हणून उभ्याची खूण दर महिन्यास नव्याने घ्यावी आणि वहीत दोन्ही आकडे लिहावेत. ही वही खोटे बोलत नाही आणि खोटे बोलूही देत नाही.

त्या वहीत आकडे किती सावकाश चढतात, याचे एक उदाहरण आपल्या मराठी मुलखातले आहे. नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबात जन्मलेले सर्वेश कुशारे यांनी उंच उडीचे पहिले धडे गावी, मक्याच्या भुसाने भरलेल्या ओबडधोबड गादीवर गिरविले. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी २.२१ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ते पात्रता फेरीतच थांबले. पुढच्याच वर्षी टोकियोच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय ठरले आणि २.२८ मीटर उडीने सहावे आले. २.२१ पासून २.२८ पर्यंत सात सेंटिमीटर. त्यांस सहा वर्षे लागली! मुलींनीही मागे राहण्याचे कारण नाही. आपल्या कर्नाटकाच्या सहना कुमारी यांनी २०१२ साली १.९२ मीटर उंच उडी मारली आहे.

तेव्हा तुमच्या वहीत दसऱ्यापासून मार्चच्या परीक्षेपर्यंत चार-सहा सेंटिमीटरांची वाढ दिसली, तर ती थोडी समजू नका.

पालकांसाठीही दोन शब्द. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाशी दुखू लागल्यास ते ‘आळसाचे निमित्त’ समजू नये. तेथील हाड अद्याप कोवळे असते. अशा वेळी उड्या थांबवाव्यात आणि दुखणे राहिल्यास डॉक्टरांस दाखवावे. उंचावरून खाली उडी टाकून पुन्हा उसळण्याचे व्यायाम मुरलेल्या खेळाडूंसाठी आहेत, शाळकरी मुलांसाठी नव्हेत. सिमेंटवर उड्यांचा सराव टाळावा. मऊ मातीचे मैदान बरे.

आता आरंभीच्या वाक्याकडे वळू. “उंचीच पाहिजे” हे खरे की खोटे? अर्धे खरे. उंच मुलाला अंतर कमी कापावे लागते, हे नाकारता येत नाही. पण १९८६ साली अमेरिकेच्या व्यावसायिक संघांतील खेळाडूंची डंक-स्पर्धा जिंकणारा स्पड वेब केवळ १६८ सेंटिमीटर उंचीचा होता. प्रत्येकजण स्पड वेब होणार नाही आणि आपल्यांतील बहुतेकांचा हात रिंगच्या वर कधी जाणारही नाही. हे आम्ही स्पष्टच सांगतो. परंतु उंची आपल्या हाती नाही, वही आपल्या हाती आहे. आज जाळीला लागणारी बोटे पुढील दसऱ्यास फळ्याच्या कडेजवळ पोचली, तर त्या विद्यार्थ्याने आपले शरीर जाणले, धीर धरावयास शिकला आणि मोजल्याखेरीज बोलू नये हा विज्ञानाचा पहिला धडाही गिरविला. मधल्या सुट्टीचे एवढे फळ काही कमी नव्हे.