ब्रेक डिस्क कधी बदलायची? आधी मोजा, मग बोला

छोटं गॅरेज टाकायचा विचार करताय? मग आजचा धडा तुमच्यासाठीच आहे.

गिऱ्हाईक येतं आणि सांगतं, "ब्रेक दाबला की पेडल थरथरतं." आपण चाक काढतो, डिस्कवर रेघा दिसतात आणि लगेच बोलून मोकळे होतो, "डिस्क गेली, बदलावी लागेल." गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते, हा मला गंडवत तर नाही ना? ते परत येत नाही.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी बिडाची चकती. पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि घर्षणाची उष्णता ती पोटात घेते. झिजून पातळ झालेली डिस्क लवकर तापते. अशा वेळी घाट उतरताना ब्रेक कमी लागू शकतो. म्हणजे प्रश्न जिवाचा आहे, अंदाजाचा नाही.

कसं मोजायचं?

बहुतेक डिस्कवर इंग्रजीत 'मिन टीएच' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. ही कमीत कमी जाडी. गंजामुळे दिसत नसेल तर तारेच्या ब्रशने घासा, नाहीतर सर्व्हिस मॅन्युअल बघा.

मोजायला मायक्रोमीटर घ्या. झिजलेल्या डिस्कला बाहेरून न झिजलेला काठ राहतो. व्हर्नियर त्या काठावर टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. काठापासून साधारण १० मिमी आत, सहा-आठ ठिकाणी मोजा. सगळ्यात कमी आकडा धरा. आकड्यांत फरक आला तर थरथरीचं एक कारण सापडलं.

निर्णय कसा घ्यायचा?

समजा, मर्यादा २० मिमी आहे.

- २१.२ भरली: लेथवर दोन्ही बाजूंनी ०.२ काढलं तरी २०.८ उरते. चालेल.
- २०.३ भरली: तेवढंच काढल्यावर १९.९ उरते. लेथ नको, नवीन टाका.
- आरपार किंवा कडेपर्यंत गेलेली चीर: जाडी कितीही असो, बदला.
- गाडी धुतल्यावर आलेला हलका गंज: काही करू नका, चार-सहा ब्रेकमध्ये निघून जातो.

बदलताना एका ॲक्सलच्या दोन्ही डिस्क आणि पॅड एकदमच बदला.

आता शेवटचं. मोजताना गिऱ्हाइकाला शेजारी उभं करा आणि आकडा बिलावर लिहा. बदलायची गरज नसेल तर तेही लिहून द्या. त्या दिवशी डिस्कचे पैसे मिळणार नाहीत, पण पुढच्या वेळी तुम्ही "बदला" म्हणालात की तो शंका घेणार नाही.