कनेक्शन स्ट्रिंग आणि माझा पहारेकरी

मित्र-मैत्रिणींनो, माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण आज सांगणार आहे ती चूक प्रोजेक्टमधली आहे. सबमिशनच्या आधी वाचलीत तर तुमचे मार्क वाचतील!

आमचा मिनी प्रोजेक्ट मेसच्या हिशोबाचा. डॉट नेट आणि एसक्यूएल सर्व्हर. डेटाबेसला जोडण्याची सगळी माहिती एका ओळीत लिहितात, तीच कनेक्शन स्ट्रिंग. नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू, आणि दोन जोड्यांमध्ये अर्धविराम. समजायला देवनागरीत लिहिते:

सर्व्हर=लॅब;डेटाबेस=मेस;यूझर=रूम;पासवर्ड="लाडू;२"

ती तपासायला मी रात्र जागून हे रेग्युलर एक्स्प्रेशन लिहिलं:

^[^;=]+=[^;]*(;[^;=]+=[^;]*)*;?$

[^;=]+ म्हणजे अर्धविराम आणि बरोबर सोडून एक किंवा जास्त अक्षरं. [^;]* म्हणजे अर्धविराम सोडून काहीही, रिकामंही चालेल. ^ ही सुरुवात, $ हा शेवट.

व्हायवाच्या सकाळी रूम पार्टनरने पासवर्ड बदलला, त्यात अर्धविराम आला. तिने नियमाप्रमाणे अवतरणचिन्हंही दिली होती. स्ट्रिंग बरोबर होती, पण माझ्या पॅटर्नने पासवर्डचे दोन तुकडे केले. दुसऱ्या तुकड्यात बरोबरचं चिन्ह नाही, म्हणून 'स्ट्रिंग चुकीची' असा मेसेज! एक्स्टर्नल सरांसमोर आमची बोलती बंद.

रूमवर येऊन व्हॅल्यूच्या जागी ("[^"]*"|[^;"]*) घातलं. ती स्ट्रिंग पास झाली. पण उलटी परीक्षा घेतली तेव्हा खरी भीती वाटली. लॉगिनच्या चौकटीत कोणी पासवर्ड म्हणून

लाडू;डेटाबेस=निकाल

असं टाकलं आणि आपण ते तसंच जोडलं, तर पॅटर्नला काहीच खटकत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या डॉट नेट प्रोव्हायडरमध्ये एकच नाव दोनदा आलं तर शेवटचं धरतात. म्हणजे डेटाबेसच बदलला!

म्हणून आता मी असं करते: स्ट्रिंग हाताने जोडत नाही. २००५ च्या डॉट नेट २.० पासून एसक्यूएल-कनेक्शन-स्ट्रिंग-बिल्डर हा क्लास आहे. तो अवतरणं स्वतः घालतो आणि अनोळखी नाव आलं तर एक्सेप्शन देतो. पासवर्ड खरा की खोटा, ते मात्र कनेक्शन उघडल्यावरच कळतं.

रेग्युलर एक्स्प्रेशन गेटवरच्या वॉचमनसारखं आहे. तो आय-कार्ड गळ्यात आहे की नाही बघतो, ते कोणाचं आहे हे नाही. ऑल द बेस्ट!