शिळी पोळी, ताजे अंडे

सकाळची शाळा आहे आणि घड्याळात सव्वासहा वाजले आहेत. डब्यात रात्रीच्या तीन पोळ्या उरल्या आहेत. फळीवर दोन अंडी आहेत. रात्री मऊसूत असलेली पोळी आता दुमडायला जावे तर तिला भेग पडते. आपण म्हणतो, "पोळी वाळली!" पण ती खरोखरच वाळली आहे काय?

एक सोपा प्रयोग करून पाहा. रात्री पोळी पूर्ण गार झाली की ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आतली हवा दाबून काढा आणि तोंड घट्ट बांधा. स्वयंपाकघरातील काट्यावर पिशवीचे वजन करा. सकाळी पुन्हा वजन करा. ते तेवढेच भरेल. म्हणजे पाणी कोठेही उडून गेलेले नाही. तरीही पोळी मात्र ताठर झालेली आढळेल!

फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८५२ साली पावाच्या बाबतीत हेच दाखवून दिले. हवाबंद ठेवलेला पाव पाणी न गमावताही शिळा होतो आणि तो पुन्हा तापविला की मऊ होतो, असे त्यांना आढळले. तेव्हा शिळे होणे म्हणजे नुसते वाळणे नव्हे.

रांग मोडते, रांग लागते

मग पोळीत घडते तरी काय? गव्हाच्या पिठात सर्वांत मोठा वाटा पिष्टाचा, म्हणजे स्टार्चचा असतो. कच्च्या पिठातील स्टार्चचे रेणू बारीक कणांमध्ये दाटीवाटीने, बऱ्याच अंशी शिस्तीत बसलेले असतात. कणकेत पाणी असते आणि तव्यावर उष्णता मिळते. तापमान सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या वर गेले की हे कण पाणी शोषून फुगतात आणि रेणूंची शिस्त मोडते. मधल्या सुट्टीची घंटा झाल्यावर मुलांची रांग मोडते ना, तसेच हे! म्हणून ताजी पोळी मऊ लागते.

पोळी गार होऊ लागली की विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांना बिलगून रांगा धरू लागतात. या क्रियेला शास्त्रज्ञ 'रेट्रोग्रेडेशन' म्हणतात. हाच पोळीचा शिळेपणा.

स्टार्चमध्ये दोन प्रकारचे रेणू असतात. सरळ साखळीसारखा अमायलोज काही तासांतच रांग धरतो. फांद्या फुटलेल्या अमायलोपेक्टिनला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. पण त्याची रांग सुमारे ६० अंशांना पुन्हा मोडते. अमायलोजची रांग मोडायला मात्र १०० अंशांहूनही अधिक तापमान लागते. म्हणून शिळी पोळी गरम केल्यावर मऊ होते खरी, पण तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या पोळीची सर तिला येत नाही.

येथे एक गंमत आहे. पोळी फ्रीजमध्ये ठेवली तर ती बाहेरच्यापेक्षा लवकर ताठर होते, कारण ४-५ अंशांच्या आसपास रेणू रांग धरण्याची क्रिया वेगाने चालते. बर्फाच्या कप्प्यात, उणे १८ अंशांना, ती जवळजवळ थांबते.

आता न्याहारी करू या

शेगडीपाशी घरातील मोठे कोणी असू द्या. साहित्य असे: ३ शिळ्या पोळ्या, २ अंडी, १ कांदा, १ हिरवी मिरची, २ चमचे तेल, मोहरी, हळद, मीठ, कोथिंबीर.

१. पोळ्यांचा हाताने कुस्करा करा. फार बारीक नको.
२. कढईत तेल तापवून मोहरी, मिरची व हळद यांची फोडणी करा. बारीक चिरलेला कांदा त्यात परता.
३. कुस्करा घालून वरून ३-४ चमचे पाणी शिंपडा, मीठ घाला आणि हलवा.
४. झाकण ठेवून मंद आचेवर दोन मिनिटे वाफ येऊ द्या.
५. कुस्करा बाजूला सारून मधल्या जागेत फेटलेली अंडी ओता. ती घट्ट होऊ लागली की सर्व एकत्र हलवा. वर कोथिंबीर घाला.

अंडी खात नसाल तर चौथ्या पायरीवर थांबा. ती झाली आपली नेहमीची फोडणीची पोळी! तिकडे तमिळनाडूत परोट्याचे तुकडे अंड्यासह तव्यावर खडखडाट करीत चिरतात आणि त्याला 'कोत्तु परोट्टा' म्हणतात.

पाणी आणि झाकण कशासाठी, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. वाफेच्या उष्णतेने अमायलोपेक्टिनची रांग मोडते आणि शिंपडलेले पाणी कुस्कऱ्यात मुरते. मात्र हा पदार्थ गरम गरमच खा. गार झाला की रांगा पुन्हा लागतात.

परत न फिरणारी वाट

अंडी शेवटी का घातली? अंड्याच्या पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी असते आणि त्यात प्रथिनांचे रेणू लोकरीच्या लहान गुंड्यांसारखे गुंडाळलेले असतात. सुमारे ६२ अंशांपासून या गुंड्या उलगडू लागतात, एकमेकींत गुंततात आणि त्यांच्या जाळ्यात पाणी अडकते. पातळ अंडे घट्ट होते ते यामुळे. फार वेळ तापविले तर जाळे आवळत जाते, पाणी पिळून निघते आणि अंडे रबरासारखे लागते.

पोळीची रांग आपण मोडू शकलो. अंड्याचा हा गुंता मात्र गार केल्याने सुटत नाही. २०१५ साली शास्त्रज्ञांनी उकडलेल्या पांढऱ्या भागातील लायसोझाइम हे एक प्रथिन युरिया व वेगाने फिरणारे यंत्र वापरून मूळ घडीत आणले. पण ते प्रयोगशाळेतले काम. तुमच्या ताटलीत ते होणे नाही.

या घट्टपणाचा आणखी एक उपयोग आहे. कच्च्या अंड्यात कधीकधी सॅल्मोनेला नावाचे रोगजंतू असतात. अंड्याचा पातळपणा पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे सुमारे ७० अंशांपर्यंत, ते शिजले की हे जंतू मरतात. घट्ट झालेले अंडे हाच तुमचा तापमापक!

शिळी आणि बिघडलेली

या दोन गोष्टींची गल्लत करू नका. शिळेपणा ही रेणूंची रांग आहे. त्याने पोट बिघडत नाही. बिघडणे हे बुरशीचे व जंतूंचे काम आहे. पोळीवर हिरवा-काळा ठिपका दिसला, आंबूस वास आला किंवा ती चिकट लागली, तर तेवढाच तुकडा न काढता सगळी टाकून द्या. बुरशीची काही विषे तापवूनही नष्ट होत नाहीत. पण नुसती ताठर झाली म्हणून चांगली पोळी टाकलीत, तर तुम्ही शेतकऱ्याचे धान्य आणि घरातील कुणाचे तरी श्रम फुकट घालविलेत.

उद्या सकाळी एका पोळीचे दोन भाग करा. एक नुसता तव्यावर गरम करा आणि दुसरा पाणी शिंपडून झाकणाखाली. कोणता अधिक मऊ झाला? का झाला? उत्तर वहीत लिहा आणि मग दोन्ही भाग खाऊन टाका!