आडवाटेचे वाहन आणि शस्त्राचा परवाना

दिनांक १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. समुद्रकिनारा, सपाटीवरील औद्योगिक पट्टा आणि जंगलाने वेढलेला डोंगरी भाग अशी या जिल्ह्याची त्रिविध रचना आहे. वाहनेही तशीच नाना प्रकारची. सातपाटीच्या बंदरातून मच्छीमारांच्या नौका निघतात, बोईसर-तारापूरच्या कारखान्यांच्या आवारात माल उचलणारे फोर्कलिफ्ट फिरतात, जव्हार-मोखाड्याच्या चढणीवर जीप चढतात आणि भातखाचरांतून ट्रॅक्टर व पॉवर टिलर चालतात. यांपैकी कित्येक वाहनांचा डांबरी सडकेशी फारसा संबंधच येत नाही. साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो, की जे वाहन रस्त्यावर येत नाही, त्यातून बंदूक नेल्यास शस्त्रविषयक कायदा लागू होतो काय? याचे उत्तर ‘होय’ असे आहे. ते तसे का आहे, हे समजून घेणे गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला उपयुक्त ठरेल.

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर तालुक्यात मनोरनजीक बोरशेतीच्या जंगलात काही ग्रामस्थ रानडुकराच्या शिकारीसाठी गेले होते. त्यांच्यापैकी एकाने आपल्याच सोबत्याला सावज समजून गोळी झाडली व त्याचा मृत्यू झाला. आडरानात कायदा पोहोचत नाही, हा समज किती महागात पडतो, याचे हे दुःखद उदाहरण होय.

एक शब्द, तीन अर्थ

गैरसमजाचे मूळ ‘वाहन’ या शब्दात आहे. निरनिराळ्या कायद्यांत या शब्दाची व्याप्ती निरनिराळी आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम २ (२८) प्रमाणे रस्त्यावर वापरण्याजोगे, यांत्रिक शक्तीने चालणारे वाहन म्हणजे मोटार वाहन. रुळांवरून धावणारे वाहन, तसेच केवळ कारखान्यात अथवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी बनविलेले विशेष प्रकारचे वाहन या व्याख्येतून वगळले आहे. म्हणून फक्त कारखान्याच्या आवारातच वापरता येईल अशा रीतीने बनविलेल्या वाहनास नोंदणी क्रमांक नसतो. ट्रॅक्टर मात्र शेतात चालत असला तरी मोटार वाहनच ठरतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ याची दृष्टी वेगळी आहे. त्याच्या कलम २३ मध्ये नौका, वाहन किंवा ‘वाहतुकीचे अन्य कोणतेही साधन’ असे व्यापक शब्द योजले आहेत. अधिनियमाचा भंग होत आहे किंवा होण्याचा संभव आहे काय, याची खात्री करण्यासाठी दंडाधिकारी अथवा पोलीस अधिकारी असे साधन थांबवून झडती घेऊ शकतो आणि सापडलेल्या शस्त्राबरोबर ते साधनही जप्त करू शकतो. रस्ता, नोंदणी, इंजिन यांचा तेथे उल्लेख नाही. बैलगाडी, होडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, फोर्कलिफ्ट ही सर्व त्यात येतात. न्यायालयात दोष सिद्ध झाल्यास कलम ३२ अन्वये शस्त्रासह असे साधनही सरकारजमा करण्याचा आदेश देता येतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ तर त्याहूनही पुढे जातो. जमीन, पाणी अथवा हवा यांवरून जाण्यासाठी वापरलेले कोणतेही साधन त्याच्या व्याख्येत वाहन आहे. इतकेच नव्हे, तर बैल, रेडा, घोडा, गाढव, खेचर, उंट व हत्ती यांचाही त्यात समावेश आहे. बैलाच्या पाठीवर जाळे लादून रानात शिरणारा मनुष्यही या कायद्याच्या लेखी वाहनासह आलेला असतो.

बंदुकीचा परवाना चाकांवर अवलंबून नाही

शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र मिळविणे, ताब्यात ठेवणे अथवा बाळगून नेणे यासाठी परवाना लागतो. बंदूक खांद्यावर आहे, जीपच्या आसनाखाली आहे की ट्रॉलीतील पेंढ्यात आहे, यावर परवान्याची आवश्यकता अवलंबून नाही. जमीन स्वतःच्या मालकीची असल्यानेही सवलत मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षांचा कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. ठासणीची बंदूक आणि गावठी कट्टा हीदेखील अग्निशस्त्रेच होत.

परवाना असला तरी त्याच्या मर्यादा पाळाव्या लागतात. तो कोणत्या प्रयोजनासाठी व किती क्षेत्रापुरता आहे, हे परवान्यावर नमूद असते. पिकांच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कलम १३ मध्ये आहे. परंतु असा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. रानडुकराने उभ्या पिकाची नासाडी केली तरी त्यास मारण्यापूर्वी वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ खालील अधिकृत अधिकाऱ्याची लेखी परवानगी आवश्यक आहे.

मालकाची बंदूक चालकाने नेण्याविषयीही स्पष्टता हवी. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या वापरासाठी दुसरी व्यक्ती बंदूक नेऊ शकते. मात्र त्या वेळी परवानाधारक समक्ष हजर असावा अथवा त्याचे लेखी अधिकारपत्र सोबत असावे. तोंडी सांगणे पुरेसे नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी बंदूक आच्छादनात नेणे बंधनकारक असून तिचे प्रदर्शन करण्यास मनाई आहे.

जीपमध्ये पाच जण बसले असता बंदूक सापडली, तर दोष कोणाचा? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिलेल्या निर्णयानुसार ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो. मात्र वस्तू प्रत्यक्ष हातात नसली तरी तिच्यावर नियंत्रण असल्यास तो ताबाच ठरतो. म्हणजे अजाण सहप्रवासी आपोआप दोषी ठरत नाही. तसेच बंदूक दुसऱ्याच्या गाडीत ठेवून तिच्यावर हुकमत चालविणारा सुटतही नाही.

अभयारण्याच्या सीमेवर

वसई तालुक्यातील तुंगारेश्वर अभयारण्य २००३ साली घोषित झाले. अशा क्षेत्रात मुख्य वन्यजीव रक्षक अथवा अधिकृत अधिकारी यांच्या पूर्वलेखी परवानगीविना शस्त्रासह प्रवेश करण्यास कलम ३१ ची बंदी आहे. येथे शस्त्र या संज्ञेत बंदुकीबरोबर धनुष्यबाण, सुरी, जाळे, फास आणि विष यांचाही समावेश होतो. शस्त्र अधिनियमात केवळ शेतीच्या वा घरगुती कामासाठी बनविलेली साधने वगळली आहेत. अभयारण्यात मात्र ती सवलत गृहीत धरता येत नाही. शेतावर जाताना कमरेला लावलेला कोयता आणि अभयारण्यात नेलेला फास, यांतील हा भेद आदिवासी पाड्यांवर आवर्जून समजावून सांगावा.

अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकांच्या नावनोंदणीची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. त्या परिघात नवा परवाना देण्यापूर्वी मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती घ्यावी लागते. शिकारीच्या गुन्ह्यात वापरलेले वाहन, ते जीप असो वा बैलगाडी, कलम ३९ अन्वये शासनाची मालमत्ता ठरू शकते. कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर एका रात्रीच्या शिकारीपायी गमावण्याची वेळ कुटुंबावर येऊ शकते, ही गोष्ट शेतकऱ्यांच्या कानी घालणे अगत्याचे आहे.

अभ्यासासाठी तीन प्रसंग

१. बोईसर परिसरातील कारखान्याच्या आवारात नोंदणी नसलेल्या फोर्कलिफ्टवर परवाना नसलेली बंदूक आढळली. मोटार वाहन अधिनियमाने ते वाहन वगळले असले तरी शस्त्र अधिनियम पूर्णपणे लागू आहे.

२. पीक रक्षणाचा परवाना असलेला शेतकरी बंदूक ट्रॅक्टरवर घेऊन परवान्यात नमूद नसलेल्या दुसऱ्या तालुक्यात गेला. परवाना खरा असूनही त्याच्या अटींचा भंग झाला.

३. तारापूर अणुविद्युत केंद्रावर पहारा देणाऱ्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान वाहनातून शस्त्रासह गस्त घालीत आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्रास कलम ४५ अन्वये हा अधिनियम लागू होत नाही.

गावाचे कर्तव्य

परवान्याविषयी शंका असल्यास जिल्हादंडाधिकारी कार्यालयाकडे, आणि २०२० पासून पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत आलेल्या वसई-विरार भागात आयुक्तालयाकडे विचारणा करावी. निवडणुकीच्या अथवा मनाई आदेशाच्या काळात परवानाप्राप्त शस्त्रांविषयी निघणारे आदेश पंचायतीच्या फलकावर लावावेत. पिकांची नासाडी होत असल्यास सरपंचांनी शेतकऱ्यास वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करण्यास साहाय्य करावे, म्हणजे रात्री चोरून बंदूक काढण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही. शिक्षकांनीही वरच्या वर्गांत हा विषय अवश्य चर्चेस घ्यावा.

रस्ता संपतो तेथे वाहन नोंदणीचे काही नियम कदाचित संपत असतील. परंतु बंदुकीविषयीची जबाबदारी संपत नाही. ही जाणीव प्रत्येक पाड्यावर पोहोचली, तर बोरशेतीसारखा प्रसंग पुन्हा ओढवणार नाही.