दारावरचे तोरण

घराचे दार हे घराचे मुख होय. म्हणून सणासुदीस आपल्याकडे प्रथम दार सजवितात. दसऱ्यास झेंडूच्या फुलांचे व आंब्याच्या पानांचे तोरण दारोदार झळकते. एखाद्या कार्याचा आरंभ करणे, ह्यालाही मराठीत 'तोरण बांधणे' असे म्हणतात.

तोरणाची परंपरा फार जुनी आहे. मध्य प्रदेशातील सांची येथील स्तूपाच्या चार दिशांना दगडी तोरणे उभी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. त्यांपैकी दक्षिणेकडील तोरणावर, हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत-कारागिरांनी केले, असे ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. हस्तिदंतावर चालणारे ते कुशल हात येथे दगडावर चालले, आणि त्यांची ओळख दारावर कायमची राहिली.

पाना-फुलांचे तोरण दोन दिवसांत सुकते. कापडाचे तोरण मात्र अनेक वर्षे टिकते. महाराष्ट्रात लग्नाच्या रुखवतात हाताने केलेल्या वस्तू मांडतात. त्यांत असे भरतकामाचे किंवा मण्यांचे तोरण पुष्कळदा असते.

एका मुलीने आपल्या थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी असे तोरण करण्याचे ठरविले. विकत आणलेली भेट देण्याइतके पैसे तिच्याजवळ नव्हते. परंतु शाळेत शिकलेला फुलीचा टाका तिला चांगला येत होता. तिने भावाजवळ एक दोरी दिली. त्याने नव्या घराच्या दाराची रुंदी दोरीने मोजून तेथे गाठ मारून आणली. ती 90 सेंटिमीटर भरली. दोन्ही बाजूंस दुमडण्यासाठी दोन-दोन सेंटिमीटर अधिक धरून तिने 94 सेंटिमीटर लांबीचे मॅटीचे कापड घेतले.

तोरणावर मधोमध आद्याक्षर काढावयाचे होते. "दार सासरचे, तेव्हा अक्षर नवऱ्या मुलाचेच हवे. नाहीतर विहीणबाईंना राग यायचा," असे घरातील मंडळी म्हणाली. मुलगी हिरमुसली. बहिणीने लग्नानंतरही आपले नाव न बदलण्याचे ठरविले होते. मग तिचे अक्षर का नको?

ती आजीकडे गेली. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, लग्नात माझं नाव बदललं. जुन्या नावाचं अक्षर ह्या घरात कुठंच उमटलं नाही. तू दोघांचीही अक्षरं काढ, बाळ."

बहिणीचे अक्षर 'म' आणि मेहुण्यांचे 'न'. मुलीने चौकटींच्या कागदावर दोन्ही अक्षरे शेजारी शेजारी काढली आणि वर एकच शिरोरेषा ओढली. पाहते तो काय, 'मन' असा शब्द तयार झाला!

कागदावरील एक चौकट म्हणजे कापडावरील एक फुली. तिच्या कापडावर एका सेंटिमीटरात चार घरे होती. म्हणून 10 सेंटिमीटर उंचीच्या अक्षरासाठी तिने 40 चौकटी धरल्या. कापड दुमडून त्याचा मध्य काढला आणि तेथूनच भरावयास प्रारंभ केला, म्हणजे अक्षरे एका अंगास सरकण्याची भीती राहिली नाही. दोऱ्यास गाठ न मारता त्याचे टोक मागील टाक्यांखाली दाबले. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने घातला. कारण दिशा बदलली की भरतकामाची झळाळी तुटते.

एके दिवशी 'न'चा दंड शिरोरेषेशी जुळेना. मोजताना एक घर चुकले होते. तीन दिवसांचे काम तिने मुकाट्याने उसविले आणि पुन्हा भरले. शेवटी खालच्या काठास आंब्याच्या पानांच्या आकाराचे हिरवे तुकडे शिवले. आजीने त्यांच्या टोकांना मणी ओवून दिले.

लग्नानंतर तोरण नव्या घरी गेले. विहीणबाईंनी ते हाती घेऊन दोन्ही अक्षरांवरून बोट फिरविले. मुलीची छाती धडधडू लागली. विहीणबाईंनी काही न बोलता स्टूल मागविले आणि तोरण स्वतः चौकटीला बांधले.

खाली उतरल्यावर त्या मुलीस म्हणाल्या, "देवघराच्या दारासही एक तोरण हवं आहे. त्यावर 'य' काढशील का? लग्नाआधी माझं नाव त्या अक्षरानं सुरू होत असे."

स्वाध्याय
1. मुलीने भरतकामास कापडाच्या मध्यापासून प्रारंभ का केला?
2. तोरणावर एकच अक्षर असावे, असे घरातील मंडळींना का वाटले? आजीचे मत निराळे का होते?
3. चौकटींच्या कागदावर तुमच्या घरातील दोन व्यक्तींची आद्याक्षरे एका शिरोरेषेखाली काढा.